बिट्टूचं प्रगतिपुस्तक

ढोराच्या दवाखान्यात रजिस्टरं दोन असतात. एक सरकारी. त्यात जनावर, लक्षण, औषध असे रकाने असतात आणि एकतीस मार्चला ते बंद होतं. दुसरं तोंडी. ते अकराच्या चहाला उघडतं आणि काही केल्या बंद होत नाही! लग्नाच्या मांडवात गेले तरी कोणी ना कोणी म्हणतंच, "मॅडम, तो म्हशीचा किस्सा सांगा ना!" म्हशीचे किस्से माझ्याकडे पोत्यानं आहेत. पण मागच्या वर्षी माझं तोंडी रजिस्टर एकट्या कासवानं भरलं.

मी जनावरांची डॉक्टर. साकोली तालुक्यात, सानगडीच्या पुढे एका गावात आमचा दवाखाना आहे. स्टाफ म्हणजे मी आणि आमचे परिचर रामटेकेभाऊ. माझा स्वभाव खडूस आहे, हे आधीच सांगून टाकते. पंधरा वर्षांच्या नोकरीत एक गोष्ट मात्र पाळली. खोटा कागद लिहिला नाही. मेलेला बैल जिवंत केला नाही, जिवंत गाय मारली नाही. "मॅडमचा पेन म्हणजे गोटा आहे, गोटा," असं गावात म्हणतात. कौतुकानं म्हणत नाहीत!

* * *

बाजाराचा दिवस होता. लाइनमध्ये सात शेळ्या, एक पोट फुगलेली म्हैस, आणि म्हशीच्या मागे प्लास्टिकचा टब छातीशी धरून हटवार मास्तर उभे. दिघोरीकडच्या शाळेत आयुष्यभर गणित शिकवून रिटायर झालेले. बायको वारलेली, घरी एकटे. शर्टाला कडक इस्त्री.

म्हैसवाल्यानं टबात डोकावून पाहिलं. "मास्तर, हे काय आनलं बाप्पा?"

"कासव."

"अन् हे दूध किती देते?"

सगळी लाइन हसली. शेळ्यासुद्धा ओरडल्या. तो आणखी चेकाळला, "मंग सांगा तं, हे कोनत्या कामाचं?"

मास्तर म्हणाले, "माह्या पोरीचं आहे."

हसणं थांबलं. का थांबलं, ते मला तेव्हा कळलं नाही. मी म्हशीच्या पोटात नळी घालण्यात गुंतले होते.

मास्तरांचा नंबर आला. रामटेकेभाऊंनी रजिस्टर उघडलं, बोट फिरवलं. "मॅडम, गाय आहे, म्हैस आहे, शेळी आहे, डुक्कर आहे. कासव कुठी टाकू?"

"इतरमध्ये."

"इतरमध्ये आतापावेतो एकच आहे. सर्कशीचा उंट." मग त्यांनी पान सपाट केलं आणि म्हणाले, "चालते. त्याच्याखाली लिहितो. बिचारा एकटाच होता."

* * *

कासवाचं नाव बिट्टू. कानाशी लाल पट्टा असलेलं, मत्स्यालयाच्या दुकानात मिळतं ते विदेशी कासव. आपल्या तलावातलं देशी कासव घरी ठेवणं गुन्हा आहे, म्हणून मी आधी तो पट्टा नीट पाहून घेतला. खरं सांगायचं तर तेवढंच मला येत होतं. कॉलेजात आम्हाला कासवावर दीड पान होतं, आणि ते मी ऑप्शनला टाकलं होतं!

कवचाची कड बोटानं दाबून पाहिली, तर दबत होती. एवढं मात्र मलाही कळलं की हे बरं नाही.

"काय खातो हा?"

"भात."

"आणखी?"

"वरन-भात." मास्तरांना वाटलं, कमी पडतंय. "सनावाराले तूप टाकतो."

"ठेवता कुठं?"

"सैंपाकखोलीत, माठाखाली. गारव्याले."

आपल्याकडे ढोर आजारी पडलं की पहिलं काम म्हणजे त्याला सावलीत बांधायचं. मास्तरांनी कासवालाही तेच केलं होतं. ते जितकं मलूल होई, तितकं मास्तर त्याला आणखी गारव्यात सरकवत. वर ते त्याला पाटावर बसवून पुढे ताटली ठेवत. चारी ठाव जेवण, आणि कासव पाहतंय भिंतीकडे!

मी नागपूरच्या बॅचमेटला फोन लावला. ती कुत्र्या-मांजरांचा दवाखाना चालवते, तिच्याकडे कासवं येतात. तिनं आधी मला मनसोक्त हसून घेतलं, मग सांगितलं. सकाळचं ऊन पाहिजे, बाजूला सावली पाहिजे, चढून बसायला दगड पाहिजे. पाणी रोज पाहायचं, घाण झालं की बदलायचं. भात बंद. शेवग्याचा पाला, कोहळं, गाजर आणि दुकानात मिळतं ते कासवाचं खाद्य. आणि जेवण पाण्यातच द्यायचं, कोरड्यात त्याला गिळता येत नाही.

"पान्यात बसून जेवाचं?" मास्तर दुखावले. "ही कोनती रीत झाली?"

"त्याची. आणि दाणे द्यायचे ते एका वेळी त्याच्या डोक्याएवढेच."

मास्तरांनी वहीत लिहून घेतलं. मग पेन थांबला. गणिताचा माणूस! "मॅडम, अन् त्यानं डोकं आत घेतलं तं?"

रामटेकेभाऊ मागून म्हणाले, "तं उपास."

* * *

मी मास्तरांना म्हटलं होतं, आठवड्याला वजन करा आणि चार गोष्टी टिपून ठेवा. चार गोष्टी! महिन्यानं ते आले ते पट्टीनं रेघा मारलेली वही घेऊन. वर लाल शाईत लिहिलेलं, "प्रगतिपुस्तक. विद्यार्थ्याचे नाव: बिट्टू."

रकाने होते वजन, भूक, डोळे, पोहणे, स्वच्छता आणि वर्तणूक. पोहण्यात अ श्रेणी. स्वच्छतेत क. शेवटी शेरा, "प्रगती आहे, पण मन लावून खात नाही."

मी पाहत राहिले. एवढी चोख केस-शीट आमच्या कॉलेजातही कोणी ठेवत नव्हतं. कवच किंचित घट्ट झालं होतं, वजन वाढलं होतं, सगळं तारीखवार होतं. फक्त शेवटचा रकाना रिकामा. "पालकाची सही."

"हे तुम्हीच करून टाका," मी म्हटलं.

"मी कसा करू? मी वर्गशिक्षक." मास्तरांनी वही मिटली. "पालक पुन्याले आहे."

* * *

बाकीचं रामटेकेभाऊंनी चहाच्या वेळी सांगितलं. त्यांना गावातलं सगळं ठाऊक असतं आणि ते कधी मीठ-मिरची लावत नाहीत.

मास्तरांची एकुलती एक मुलगी मंजू. नर्सिंगला नागपूरला होती, तिथंच तिनं हे कासव घेतलं आणि एका सुट्टीत घरी आणलं. त्याच सुट्टीत तिनं बापाला सांगितलं की मला अमक्याशी लग्न करायचं आहे. मुलगा दुसऱ्या जातीचा. मास्तर म्हणाले, "मंग या घरात पाय ठेवू नोको." ती एक बॅग घेऊन निघाली. कोर्टात लग्न केलं, पुण्याला नोकरी धरली. कासव बॅगेत बसणार नव्हतं, ते राहिलं.

सहा महिने फोन नाही. मग एका रविवारी आला.

"बिट्टू कसा आहे?"

"खाते."

"बरं."

तेव्हापासून दर रविवारी एक फोन. विषय एकच. तिनं बाप कसा आहे विचारायचं नाही, यांनी जावई कसा आहे विचारायचं नाही. तीन वर्षं हे असंच चाललं होतं!

"म्हनून मास्तर त्याले भात चारून राहिले होते," रामटेकेभाऊ कप विसळत म्हणाले. "पोरगी इचारते, खाल्लं का? मंग खाल्लं म्हना लागते ना."

त्या दिवसापासून टब आला की मी म्हशीला थांबवत असे. हे सरकारी रजिस्टरमध्ये नाही.

* * *

आता उपासाचा किस्सा. बिट्टू सुधारला, तसा तो सुटला! शेजारच्या सुमनबाई सकाळी काही टाकत, मास्तर दुपारी, आणि येणारा-जाणारा कधीही. कासव म्हणजे देवाचा अवतार. देवळापुढे दगडाचं असतंच, हे तर चालतंबोलतं! कोणी कवचावर कुंकू लावी, कोणी पेढा ठेवी. पाय आत घेताना त्याला मांडीची वळकटी आडवी यायला लागली.

मी सांगितलं, मोठ्या कासवाला रोज भरपेट लागत नाही. एक दिवसाआड खायला द्या.

सुमनबाई माझ्यावरच चढल्या. "काहो बाई, मुक्या जीवाले उपाशी ठेवाचं? पाप लागन ना!"

अर्धा तास समजावलं. पचन सांगितलं, चरबी सांगितली, लिव्हर सांगितलं. काही उपयोग नाही. शेवटी मी वैतागून म्हटलं, "ठीक आहे. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. या दिवशी बिट्टूला उपास!"

"असं सांगा ना मंग!" सुमनबाईंनी टबाला हात जोडले.

त्या गेल्यावर रामटेकेभाऊ म्हणाले, "बरं झालं मॅडम, हे कासव माह्या घरी नाही. आमच्यात उपासच नसते. तुम्हाले दुसरा बहाना शोधा लागला असता."

पंधरा दिवसांनी वजन केलं, तर एक ग्रॅमही उतरलं नव्हतं. मी मास्तरांना विचारलं, उपास पाळता ना? त्यांनी प्रगतिपुस्तक दाखवलं. सोमवार उपास, गुरुवार उपास, शनिवार उपास. मग मी सुमनबाईंना गाठलं.

"पाळतो ना बाई! एकबी चुकवला नाही," त्या छातीवर हात ठेवून म्हणाल्या. "त्या दिवशी मी त्याले फक्त साबुदान्याची उसळ देतो."

* * *

पावसाळ्यात, भाताच्या रोवणीच्या दिवसांत, मास्तरांना ताप भरला. दहा दिवस ते खाटेवर होते. बिट्टूकडे सुमनबाईंनी पाहिलं. ऊन नव्हतंच, पाणी बदललं गेलं नाही, आणि भात परत सुरू झाला. अकराव्या दिवशी मास्तर भिंतीला धरून उठले आणि टब घेऊन तसेच दवाखान्यात आले. मागे सुमनबाई.

बिट्टूचे दोन्ही डोळे सुजून बंद.

"ध्यान लावून बसला आहे," सुमनबाई हळूच म्हणाल्या. "चार दिवस झाले, अन्नाले शिवला नाही. मी उदबत्ती लावून राहिलो रोज."

"त्याला दिसत नाही, सुमनबाई. दिसत नाही म्हणून खात नाही!"

कासव चार दिवस खात नाही आणि डोळे उघडत नाही, म्हणजे ते ध्यान नसतं. खाण्यात जीवनसत्त्व नाही, पाणी घाण. बॅचमेटनं फोनवर इंजेक्शन सांगितलं आणि दोनदा बजावलं, डोस थेंबाएवढा, जास्त झाला तर जाईल. आमच्याकडे सगळ्या सिरिंजा म्हशीच्या मापाच्या! मी कपाट उलथंपालथं करत होते, तेवढ्यात मास्तरांनी खिशातून पाकीट काढलं. त्यांना शुगर आहे.

"इन्शुलिनची आहे. नवीच आहे. चालते का?"

चालली. पण तो थेंब मी तीनदा मोजून पाहिला. पंधरा वर्षांत कुठल्या म्हशीच्या डोसाला असं केलं नव्हतं. हे कासव मेलं असतं तर रविवारचा फोन कोणाला येणार होता?

मास्तरांनी मंजूला खरं सांगितलं. मग तिचा फोन रोज यायला लागला, सकाळी आणि संध्याकाळी. नर्सच ती, सगळं खोदून विचारायची. डोळ्यातून पाणी येतं का? पोहताना एका बाजूला कलतो का? नाकाशी बुडबुडे येतात का? आणि तिसऱ्या की चौथ्या दिवशी म्हणे तिनं मध्येच विचारलं, "बाबा, तुमचा आवाज काहून बसला?"

मास्तर हे मला सांगायला सायकलवर आले होते. कासव घरी ठेवून!

पुढच्या आठवड्यातलं प्रगतिपुस्तक अजून माझ्या फोनमध्ये आहे. "डोळे: एक उघडला, उजवा. वर्तणूक: डॉक्टरांकडे रागाने पाहतो."

* * *

दिवाळीपर्यंत बिट्टू टुणटुणीत झाला. सगळ्या रकान्यांत अ. मी मनातल्या मनात पाठ थोपटून घेत होते, आणि मास्तर आले ते तोंड पाडून.

"काय झालं? खात नाही?"

"खाते."

"मग?"

"सगळं चांगलं आहे म्हटलं, तं पोरगी म्हनते, बरं, ठेवते. दोन रविवार झाले, फोनच नाही. ड्यूटी राहते तिले." मास्तर बाकावर बसले. टेबलावरचं माझं लेटरपॅड सरळ करत राहिले. "मॅडम, एक इचारू? असा एखादा रोग नसते का, की ज्याच्यात कासवाले काही होत नाही, पन पोरीले कळवा लागते?"

मला हसू आलं आणि लगेच गेलंही.

"मास्तर, मी खोटा कागद लिहीत नाही."

"माहीत आहे." ते उठले. "तुमचं बरोबर आहे. मीबी पोरायले वाढवून मार्क नाही देल्ले कधी."

ते गेल्यावर रामटेकेभाऊंनी मला चहा दिला, पण स्वतः घेतला नाही. ते माझ्यावर चिडले की असं करतात. दिवसभर मलाही ते लागून राहिलं. माझं चुकलं नव्हतं, तरी लागलं.

* * *

जानेवारीत कडाका पडला आणि बिट्टूनं खरंच खाणं सोडलं. दगडाखाली जाऊन बसला, हलेना. मास्तरांनी त्याला घमेल्यात घालून शेकोटीजवळ नेलं. तिकडून जाणारे रामटेकेभाऊ सायकल टाकून धावले, "मास्तर, इलाज करून राहिले का भाजून राहिले?" घमेलं ओढून त्यांनी ते दवाखान्यात आणलं.

पाठ कोमट, पोट थंडगार. बाकी जिवाला धक्का नव्हता; मी शेकोटी बंद करून टब आतल्या खोलीत ठेवायला सांगितलं. मास्तरांचा चेहरा मात्र पाहवत नव्हता. "सहा दिवस झाले. मी तिले सांगितलं, सहा दिवस झाले म्हनून. ती काहीच नाही बोलली, फोन ठेवला तिनं."

तिसऱ्या दिवशी दवाखान्यापुढे ऑटो थांबला. पाठीला सॅक, पायात बूट, अशी एक मुलगी टब घेऊन उतरली. तिच्या मागे चार पावलांवर मास्तर, हातात प्रगतिपुस्तक. दोघं शेजारी शेजारी चालत नव्हते.

मी बिट्टूला पुन्हा तपासलं. डोळे स्वच्छ, नाकाशी बुडबुडे नाहीत, पोहताना कलत नाही, कवच दगडासारखं. त्याला फक्त थंडी वाजत होती. दगडावर बल्ब लावायचा, पाणी कोमट ठेवायचं, दोन-तीन दिवसांत हा कोहळ्यावर तुटून पडणार होता.

मी हात धूत होते, तोवर मंजूनं वही उघडली. एकेक पान पाहत गेली. उपासाच्या पानावर हसली. डोळ्यांच्या पानावर थांबली. मग शेवटच्या रकान्यावर बोट ठेवून वरून खाली नेलं. सगळा रिकामा. तिनं माझ्या टेबलावरचा पेन घेतला आणि पहिल्या पानापासून सह्या करायला लागली. एक ओळही सोडली नाही. मास्तर खिडकीबाहेर पाहत उभे होते, आणि खिडकीबाहेर शेणाच्या ढिगाशिवाय काही नव्हतं.

सह्या संपल्या. पेन परत ठेवत तिनं विचारलं, "मॅडम, खरं सांगा. बरा व्हायला किती दिवस लागतील? मी दोनच दिवसांची सुट्टी टाकली आहे, लागली तर वाढवते."

मी "दोन" म्हणायला तोंड उघडलं, आणि तिच्या डोक्यावरून मला मास्तर दिसले. त्यांनी दोन्ही हात वर केले होते. दहा बोटं.

मी रामटेकेभाऊंकडे पाहिलं. ते छताचा पंखा पाहत होते.

मी लेटरपॅड ओढलं. "पंधरा," मी म्हटलं, आणि तसंच लिहिलं.

रामटेकेभाऊंनी न सांगता शिक्का काढला, त्यावर फुंकर मारली आणि कागदावर दाबला. मग मला विचारलं, पण पाहिलं मास्तरांकडे. "मॅडम, फेरतपासनी होळीले लिहू का? तवा जावईबापूलेबी सुट्टी राहते."

 मास्तरांनी खाली वाकून टबातला दगड जरा सरळ केला.

"लिहा," ते म्हणाले.